एका बाटलीत किती शास्त्रं मावतात?

खारा_वारा
सोमवार, रात्री ११:०५

पहाटेचे तीन. जहाजाच्या मागच्या डेकवर दहा-बारा माणसं रांगेत उभी. प्रत्येकाच्या हातात वेगळ्या मापाची बाटली, अंगावर ओलं जॅकेट, डोळ्यांवर झोप. समोर रोझेट, म्हणजे धातूच्या सांगाड्यात गोलाकार बसवलेल्या चोवीस उभ्या नळकांड्या. आम्ही त्यांना नुसतं 'निस्किन' म्हणायचो. एकेकीत दहा लिटर पाणी. विंचने ४००० मीटर खाली सोडायला तासाहून जास्त लागतो, वर यायला आणखी जास्त, कारण येताना ठरलेल्या खोलीवर थांबून एकेक नळकांडी बंद करायची असते. तळाजवळचं पाणी विषुववृत्तावरसुद्धा इतकं गार असतं की तोटीखाली धरलेली बोटं बधिर होतात.

आता ही रांग कशी लागते ते सांगतो, कारण धागा त्यासाठीच काढलाय. तोटी उघडली की नळकांडीत वरून हवा शिरते आणि पाण्यात विरघळलेल्या वायूंचं प्रमाण बदलायला लागतं. म्हणून हेलियम किंवा फ्रेऑनसारखे वायू मोजणारे सगळ्यात पुढे. मग ऑक्सिजनवाला, म्हणजे मी. मग कार्बनवाले, मग नायट्रेट-फॉस्फेटवाले. क्षारता शेवटी, कारण मीठ काही उडून जात नाही. आणि जीवशास्त्रवाल्यांना गाळायला एकदम चार-पाच लिटर लागतं! दहा लिटर बघता बघता संपतात. म्हणून एक माणूस फक्त कागद लावलेली पाटी घेऊन तोटीपाशी उभा असतो: कोणाचा नंबर, कोणी किती घेतलं, कोणतं नळकांडं गळतंय. त्याला आम्ही फौजदार म्हणायचो. त्याच्यापुढे प्रोफेसर काय नि पोरगा काय, सगळे सारखे.

माझं काम असं. काचेच्या बाटलीच्या तळापर्यंत नळी घालायची, एकही बुडबुडा येऊ न देता भरायची, आणि भरल्यावरही बाटलीच्या तिप्पट पाणी वरून वाहू द्यायचं. मग मँगनीजचं द्रावण, मग अल्कलाइन आयोडाइड, बूच, आणि हलवायचं. तपकिरी साका धरतो. रंग जितका गडद तितका ऑक्सिजन जास्त. नक्की आकडा नंतर टायट्रेशन करून काढायचा. विंकलर नावाच्या माणसाची ही पद्धत १८८८ सालची आहे आणि आजचे महागडे सेन्सर तिच्यावरूनच तपासले जातात.

ते तिप्पट वाहून जाणारं पाणी बघून मागे उभ्या प्लवकवालीचा (प्लवक म्हणजे पाण्यात तरंगणारे बारीक जीव) जीव तुटायचा. पहिल्या आठवड्यात आमचं बोलणं म्हणजे फक्त भांडण. तिसऱ्या आठवड्यात ती जाळ्यातल्या मोजणीचा कागद घेऊन लॅबमध्ये आली. ४०० मीटरच्या आसपास तिचे कोपेपॉड, म्हणजे बारीक कवचधारी प्लवक, एकदम गायब होत होते, आणि तिला वाटत होतं जाळंच नीट उघडत नाहीये. मी माझा ट्रे दाखवला. त्याच खोलीच्या बाटलीतला साका तपकिरी नव्हता, जवळजवळ पांढरा होता. पांढरा म्हणजे ऑक्सिजन नाहीच्या बरोबर. जाळं उत्तम चाललं होतं. तिथून पुढे आम्ही दोघांचे आकडे एकाच वहीत लिहायला लागलो.

हा अनुभव वीस वर्षं जुना आहे. तेव्हापासून 'आंतरविद्याशाखीय' हा शब्द मी परिषदांमध्ये हजारदा ऐकला. डेकवरच्या रांगेत एकदाही नाही. माझं मत असं झालंय की समुद्राच्या बाबतीत वेगवेगळी शास्त्रं एकत्र येतात ती कोणी आवाहन केल्यामुळे नाही, तर एकच वस्तू दोघांच्या हातात पडते म्हणून.

आणि ती पडली नाही तर काय होतं? फेब्रुवारी १९७७. गॅलापागोसजवळच्या समुद्रतळाच्या भेगेवर भूशास्त्रज्ञ आणि भूरसायनशास्त्रज्ञ गरम पाण्याचे झरे शोधायला गेले. 'अल्विन' पाणबुडी अडीच हजार मीटरवर उतरली, झरे सापडले, आणि भोवती फूटभर लांबीचे शिंपले, खेकडे, लाल तुऱ्याचे नळीकिडे. अंधारात, सूर्याशी काही संबंध नसलेली अख्खी वस्ती! जहाजावर जीवशास्त्रज्ञ एकही नव्हता. का असेल, खडक बघायला तर निघाले होते. नमुने टिकवायला फॉर्मलीन जेमतेम, म्हणून वाटेत पनामात घेतलेल्या व्होडकात काही प्राणी बुडवून आणले. पाण्याच्या नमुन्याची बाटली उघडली तेव्हा सडक्या अंड्यांचा वास सुटला. हायड्रोजन सल्फाइड. कोड्याची किल्ली रसायनवाल्यांच्या नाकाशी होती, कुलूप व्होडकात होतं.

ते उघडलं १९८०-८१ मध्ये. हार्वर्डमध्ये एका व्याख्यानात मेरेडिथ जोन्स हे प्राणिशास्त्रज्ञ सांगत होते की नळीकिड्याला तोंड नाही, आतडं नाही, आणि शरीरात गंधकाचे कण सापडतात. श्रोत्यांत पहिल्या वर्षाची संशोधक विद्यार्थिनी होती, कॉलीन कॅव्हनॉ. ती उभी राहून म्हणाली की मग आत सल्फाइडवर जगणारे जिवाणू असणार, तेच याला पोसतात. ती बरोबर होती.

तुमच्यापैकी कोणी समुद्राच्या जवळपासचं काम करतं का? मग कुठल्याही बाजूचं असो. लिहा.

आडमुठा
सोमवार, रात्री ११:४०

मजा आली वाचायला. पण मुद्दा पटला नाही.

रांगेत एकामागे एक उभं राहणं म्हणजे सहकार्य? एका डब्यातून प्रवास करणारे लोक एकत्र प्रवास करतात असं आपण म्हणत नाही. प्रत्येकाने आपापलं पाणी घेतलं, आपापल्या जर्नलमध्ये छापलं, घरी गेले. तुमची नि प्लवकवालीची वही हा अपवाद म्हणून लक्षात राहिला ना? नियम असता तर विसरला असतात.

दोन शास्त्रं मिळून असं काही सापडलं, जे एकट्याला कधीच सापडलं नसतं, असं एक उदाहरण द्या. आणि व्होडका सोडून.

शंखिनी
मंगळवार, सकाळी ७:१८

आडमुठासाहेब, घ्या. कालवं.

२००७ च्या सुमारास अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, ओरेगनमधल्या एका मोठ्या हॅचरीत (कालवांची पैदास करायचं केंद्र) कालवांचे लार्वा, म्हणजे नुकती जन्मलेली पिल्लं, टाक्याच्या टाक्या मरायला लागले. आधी संशय जिवाणूंवर, व्हिब्रिओवर. तसे ते सापडलेही. पाणी निर्जंतुक करायची यंत्रणा बसवली, जिवाणू गेले, लार्वा मरतच राहिले. मग कोणाच्या तरी लक्षात आलं की उत्तरेचा वारा काही दिवस सलग वाहिला की नंतर मर होते. वारा आणि कालवं यांचा काय संबंध? तो समुद्रभौतिकीवाल्याला विचारा, लगेच सांगेल: त्या किनाऱ्यावर उत्तरेचा वारा वरचं पाणी बाहेर लोटतो आणि खालचं गार पाणी वर येतं. पण ते पाणी कसं असतं हे रसायनवाल्याला विचारावं लागतं. काही दशकं खोलात राहिलेलं, कुजणाऱ्या जैवकचऱ्याने कार्बन डायऑक्साइड साठलेलं, त्यात आपण हवेतून घातलेल्याची भर. म्हणजे आम्लतेकडे झुकलेलं. आणि लार्व्यांना पहिल्या दोन दिवसांतच कवच उभं करायचं असतं, अंड्यातल्या शिदोरीवर. कवच जमेना, शिदोरी संपते, पोर मरतं.

ओरेगन स्टेट विद्यापीठातले रसायनवाले हॅचरीत जाऊन बसले, सतत मोजणारं यंत्र लावलं. उपाय काय निघाला असेल? पाण्यात सोडियम कार्बोनेट. म्हणजे आपला धुण्याचा सोडा! २०१२ मध्ये शोधनिबंध आला तोवर हॅचरी सावरायला लागली होती.

यात वाऱ्याचा माणूस, कार्बनचा माणूस, लार्व्याचा माणूस आणि रोज टाक्या धुणारा माणूस, चौघांपैकी कोणीही एकटा हे सोडवू शकला नसता. जिवाणू शोधून 'सापडला खुनी' म्हणत बसले असते.

(माझं काम प्लवकांचं. खारा_वारा, तिप्पट पाणी वाहू देणाऱ्यांना आम्ही अजून माफ केलेलं नाही.)

पाणबुड्या
मंगळवार, सकाळी ९:५०

छोटी शंका. मूळ लेखात 'क्षारता' आहे ती सॅलिनिटी की अल्कलिनिटी? शाळेच्या पुस्तकात क्षार म्हणजे मीठही असतं आणि आम्लाच्या उलट ते क्षारधर्मीही असतं. शंखिनीताईंच्या प्रतिसादात नेमका हा फरक जीवनमरणाचा आहे.

खारा_वारा
मंगळवार, दुपारी १:३०

@पाणबुड्या, पकडलंत. मला सॅलिनिटी म्हणायचं होतं, खारटपणा. आणि मराठीत दोन्हीला क्षारताच लिहितात लोक. आपल्या भाषेतच दोन शास्त्रांची टक्कर झालीये. यापुढे मी खारटपणाच लिहीन, ऐकायला जरा ओबडधोबड असला तरी.

@आडमुठा, आणखी एक देतो. हत्ती सील. जीवशास्त्रज्ञांना बघायचं होतं की हे दक्षिण महासागरात नेमके कुठे चरतात. म्हणून सीलच्या डोक्यावरच्या केसांना एक छोटं यंत्र चिकटवलं, ते खोली मोजतं, तापमान आणि खारटपणा मोजतं, आणि प्राणी श्वास घ्यायला वर आला की उपग्रहाला निरोप पाठवतं. वर्षातून एकदा सील कात टाकल्यासारखे केस टाकतो, तेव्हा यंत्रही पडतं.

इकडे समुद्रभौतिकीवाल्यांची अडचण अशी की हिवाळ्यात अंटार्क्टिकाच्या बर्फाखाली जहाज जात नाही, आणि आमचे आर्गो फ्लोट तिथे चाचपडतात. (आर्गो म्हणजे दर दहा दिवसांनी २००० मीटर खाली जाऊन वर येणारे, आपोआप वाहणारे दंडगोल. जगभरात चारेक हजार आहेत.) सील मात्र मजेत जातो. त्याच्या चरण्याच्या नोंदी बघून भौतिकीवाल्यांचे डोळे चमकले. पूर्व अंटार्क्टिकात केप डार्न्लीपाशी अतिशय खारट, जड पाणी उतारावरून खाली घसरतंय, आणि ते जगाच्या तळाशी पसरणाऱ्या पाण्याचा एक उगम आहे, हे २०१३ मध्ये सिद्ध झालं ते तळावर नांगरलेली यंत्रं आणि सीलच्या नोंदी एकत्र ठेवून. असे उगम तोवर तीन माहीत होते, हा चौथा.

सीलवाल्याला भौतिकी येत नव्हती, भौतिकीवाल्याला सील पकडता येत नव्हता. आता तरी?

आडमुठा
मंगळवार, दुपारी २:०२

सील मान्य. कालवंही मान्य. पण तुमच्या सगळ्या गोष्टी गोड शेवटाच्या आहेत. आता कडू ऐका.

१९९१ च्या जानेवारीत अमेरिकन समुद्रशास्त्रज्ञ वॉल्टर मंक आणि मंडळींनी हिंदी महासागराच्या दक्षिणेला हर्ड बेटाजवळ जहाजातून मोठे ध्वनिक्षेपक पाण्यात सोडले. कल्पना झकास होती: पाणी गरम झालं की ध्वनी जास्त वेगाने जातो, दर अंशाला सेकंदाला साधारण चार-साडेचार मीटर. हजारो किलोमीटर पलीकडे ध्वनी किती वेळात पोचतो हे मोजलं तर अख्ख्या महासागराचा ताप एका फटक्यात कळेल. ५७ हर्ट्झचा तो सूर बर्म्युडाला ऐकू आला, अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यालाही. भौतिकीचा विजय!

पण देवमासे त्याच पाण्यात, त्याच सुरात बोलतात, हे मुख्य आराखड्यात उशिरा शिरलं. हर्ड बेटाला परवानगीसाठी जीवशास्त्रज्ञांचं वेगळं जहाज सोबत न्यावं लागलं. पुढे कॅलिफोर्निया आणि हवाईजवळ कायमचे क्षेपक बसवायचं ठरलं तेव्हा तर रणकंदन झालं. वर्तमानपत्रांत '१९५ डेसिबल' छापून आलं आणि लोकांनी त्याची तुलना जेट विमानाशी केली. आता गंमत बघा: पाण्यातला डेसिबल आणि हवेतला डेसिबल एक नाही. मोजायचा पायाच वेगळा. त्याच तीव्रतेला पाण्यात हवेपेक्षा सुमारे ६२ डेसिबल जास्त आकडा येतो. भौतिकीवाल्यांना हे इतकं उघड होतं की कोणाला सांगायला हवं हे सुचलंच नाही, आणि ऐकणाऱ्यांना ते लपवाछपवीसारखं वाटलं.

शब्द एक, अर्थ दोन, आणि मध्ये कोर्टकचेरी. तुमच्या क्षारतेसारखंच.

शंखिनी
मंगळवार, दुपारी ४:४५

हे उदाहरण मीच देणार होते, पण माझ्या बाजूने. कारण त्या भांडणातूनच देवमाशांवर काय परिणाम होतो हे पद्धतशीर मोजायचा कार्यक्रम उभा राहिला, क्षेपक चालू असताना आणि बंद असताना. मोठं काही आढळलं नाही, पण काही जाती आवाज सुरू असताना किंचित दूर राहत होत्या. आवाज टाकणारा आणि आवाज ऐकणारा यांना एका टेबलावर बसायला भांडणानेच लावलं. प्रेमाने बसले असते तर अर्थात बरं झालं असतं.

शून्य_एक
मंगळवार, रात्री १०:१०

मी ना समुद्रातला ना प्रयोगशाळेतला. मी खुर्चीतला. सगळ्यांच्या फाइल्स माझ्याकडे येतात आणि त्या एकमेकींशी बोलाव्यात हे माझं काम.

आवाजाचा विषय निघालाच आहे तर माझी आवडती गोष्ट. ११ सप्टेंबर २००१ नंतरचे काही दिवस जहाजांची वर्दळ एकदम थंडावली. कॅनडाच्या फंडीच्या उपसागरात तेव्हा दोन गट काम करत होते. एक गट राइट व्हेल जातीच्या देवमाशांचे आवाज टेप करत होता. दुसरा गट त्याच देवमाशांची विष्ठा गोळा करत होता (पुढे तर तिच्या वासावर शिकवलेले कुत्रे बोटीत घेऊन जायचे, खरंच), कारण विष्ठेत ताणाच्या हार्मोन्सचे अंश सापडतात. दोघांचा एकमेकांशी संबंध नाही. कित्येक वर्षांनी नोंदी शेजारी ठेवल्या तेव्हा दिसलं: त्या दिवसांत पाण्याखालचा गोंगाट ६ डेसिबलने उतरला होता, आणि देवमाशांचे ताणाचे हार्मोनही उतरले होते. २०१२ मध्ये छापून आलं. असा प्रयोग मुद्दाम कोणी करूच शकला नसता. जगभरची जहाजं कोण थांबवणार?

आडमुठा, ही तुमची डब्यातल्या प्रवाशांची उपमा. प्रवासी एकमेकांशी बोलले नाहीत, पण दोघांनी तिकिटं जपून ठेवली. तारीख, वेळ, ठिकाण नीट लिहिलेलं होतं म्हणून दहा वर्षांनी जुळलं.

आणि ते नीट लिहिणं किती दुर्मीळ असतं म्हणून सांगू! कोणी वेळ यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत लिहितो, कोणी जहाजावरच्या घड्याळाची. समुद्रवाल्यांची खोली खाली जाताना वाढते, हवामानवाल्यांची उंची वर जाताना वाढते, दोघं एका मॉडेलमध्ये आले की अधिक-उणे उलटं होऊन समुद्र आकाशात जातो. नोंद नसली की -९९९ लिहायची पद्धत आहे. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी ते -९९९ तापमान समजून सरासरीत घेतलं. समुद्र गोठला. नुसता गोठला नाही, निरपेक्ष शून्याच्याही खाली गेला, आणि मी तो आलेख साहेबांना दाखवला.

दर्यासारंग
बुधवार, पहाटे ५:२०

निवृत्त मर्चंट नेव्ही. झोप कमी झालीये, म्हणून सकाळी सकाळी.

तुम्ही शास्त्रज्ञ शास्त्रज्ञ करताय, पण समुद्राच्या नोंदी ज्यांनी शंभर-दीडशे वर्षं ठेवल्या त्यात आम्ही मालवाहू लोकही आहोत. दर सहा तासांनी वारा, लाटा, दाब, पाण्याचं तापमान लिहून पाठवायचं, स्वेच्छेने. सेकंड मेट असताना आमच्या बोटीच्या मागे काही महिने एक धातूचं धूड ओढलं जायचं, माशासारखं, शेपटीसकट. कंटिन्युअस प्लँक्टन रेकॉर्डर. आत रेशमाची लांब पट्टी. बोट चालली की पाण्याच्या जोराने मागचा पंखा फिरतो, पट्टी सरकते, आणि समोरच्या बारीक भोकातून आलेले प्लवक तिच्यावर अडकतात. वरून दुसरी पट्टी बसून सँडविच होतं आणि ते फॉर्मलीनच्या टाकीत गुंडाळलं जातं. बंदरात ती पेटी काढून द्यायची, नवी लावायची. आम्हाला वाटायचं काय खुळ आहे.

अ‍ॅलिस्टर हार्डी नावाच्या जीवशास्त्रज्ञाची ही युक्ती, १९३१ पासून मालवाहू जहाजांमागे चालू आहे. आणि त्याने गोळा केले प्लवक, पण २००४ मध्ये दुसऱ्याच लोकांनी जुन्या पट्ट्या काढून त्यात प्लास्टिकचे धागे मोजले. अ‍ॅबर्डीन ते शेटलंड आणि आइसलंडच्या वाटेवरच्या, १९६० च्या दशकापासूनच्या. काळाबरोबर वाढलेलं प्लास्टिक दिसलं. हार्डीला तेव्हा प्लास्टिकचा प्रश्न माहीतही नव्हता. हे शून्य_एक यांच्या तिकिटांसारखंच झालं.

एक तक्रार मात्र आहे. राइट व्हेलसाठी फंडीच्या उपसागरात २००३ मध्ये जहाजांची लेन सरकवली. चांगलं केलं, कारण धडक बसून मरतात बिचारे. अमेरिकेच्या किनाऱ्यावर २००८ च्या अखेरीपासून ठरावीक भागात ठरावीक महिन्यांत १० नॉटची मर्यादा. तीही पाळली. पण ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवायच्या खोलीत, कागद येतो तो असा: इथून इथे, या तारखेपासून, हळू जा. का, कोणासाठी, कुठे बघायचं, काही नाही. पहाऱ्यावरच्या पोराला देवमाशाच्या फवाऱ्याचा आकार कसा असतो हे सांगितलं असतं तर त्याने स्वतःहून डोळे ताणले असते. (राइट व्हेलचा फवारा समोरून इंग्रजी व्ही सारखा दुभंगलेला दिसतो. हे मला निवृत्तीनंतर कळलं!)

शंखिनी
बुधवार, सकाळी ८:३०

कॅप्टनकाका, तुमची तक्रार शंभर टक्के रास्त आहे. आणि त्या लेनच्या गोष्टीला शेपूट आहे. २०१० नंतर अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यालगतचं मेनचं आखात झपाट्याने तापलं. राइट व्हेल ज्यावर जगतो तो कोपेपॉड, तांदळाच्या दाण्याएवढा, तिथे कमी झाला. देवमासे अन्नामागे उत्तरेला सेंट लॉरेन्सच्या आखातात गेले, जिथे ना लेन सरकवलेली होती ना वेगमर्यादा. २०१७ मध्ये एका वर्षात १७ मेलेले सापडले, त्यातले १२ कॅनडाच्या पाण्यात. उरलेली संख्या चारशेच्या खाली आहे, म्हणजे १७ किती झाले बघा. देवमासा मोजणाऱ्यांना देवमासे गायब झाल्याचं दिसत होतं, प्लवकवाल्यांना प्लवक घटल्याचं, तापमानवाल्यांना पाणी तापल्याचं. तिन्ही माहिती होती. वेळेवर एका टेबलावर आली नाही.

हे मी आडमुठासाहेबांच्या बाजूने लिहितेय. आज एवढंच.

अबोली
बुधवार, दुपारी १२:१५

दोन दिवस वाचतेय आणि वाट बघतेय की माणसं कधी येतील. कॅप्टनकाका आले, बरं वाटलं.

मी समाजशास्त्राची. समुद्रावरच्या प्रकल्पांत मला बोलावतात ते साधारण शेवटून तिसऱ्या महिन्यात. संरक्षित क्षेत्राची रेघ नकाशावर मारून झालेली असते, आणि मेल येतो: 'स्थानिक लोकांचा विरोध होतोय, तेवढं जरा समजावून द्याल का?' म्हणजे मी समजून घ्यायला नाही, समजावायला. एका प्रकल्पाच्या अर्जात माझं नाव 'जनजागृती' या रकान्यात होतं. नाव सांगत नाही.

यातून काय होतं ते कॅनडातल्या न्यूफाउंडलंडच्या कॉड माशाने दाखवलंय. १९८० च्या दशकात किनाऱ्याजवळ छोट्या होड्यांतून मासेमारी करणारे सांगत होते की मासा कमी होतोय, लहान होतोय. सरकारी अंदाज बऱ्याच अंशी खोल समुद्रातल्या ट्रॉलरच्या (मोठं जाळं ओढणाऱ्या बोटींच्या) पकडीवर टेकलेले होते, आणि ट्रॉलरला मासा मिळत होता. का, तर संख्या घटली तरी कॉड उरलेल्या जागेत दाटीने गोळा होतो, आणि ट्रॉलर बरोबर त्या दाटीवर जातो. ताशी पकड तीच, समुद्र मात्र रिकामा. जुलै १९९२ मध्ये बंदी आली, सुमारे ३०,००० लोकांचं काम एका दिवसात गेलं. होडीवाल्याचं बोलणं 'किस्सा' होतं आणि ट्रॉलरचा आकडा 'डेटा' होता, हीच चूक.

उलट उदाहरण मेक्सिकोतलं काबो पुल्मो. १९९५ मध्ये राष्ट्रीय सागरी उद्यान झालं, पण मासेमारी बंद ठेवायचं तिथल्या कोळी कुटुंबांनीच मनावर घेतलं आणि पाळलं. १९९९ ते २००९ या दहा वर्षांत माशांचं एकूण वजन साडेचार पटीहून अधिक वाढलं. मोजलं जीवशास्त्रज्ञांनी, घडवलं दुसऱ्यांनी.

खारा_वारा, तुमच्या रांगेत आम्ही कुठे उभं राहायचं? खारटपणाच्याही मागे?

खारा_वारा
बुधवार, रात्री ९:००

अबोलीताई, खरं सांगायचं तर आमच्या रांगेत तुम्ही नव्हताच. मी मूळ लेखात लिहिलं की एकच वस्तू दोघांच्या हातात पडली की शास्त्रं जुळतात. पण कॉडच्या बाबतीत वस्तू दोघांच्याही हातात होती, तोच मासा. एकाच्या हाताला किंमत होती, दुसऱ्याच्या नव्हती. तेवढा भाग मी मागे घेतो. फौजदार लागतोच, आणि रांगेत कोणाकोणाला घ्यायचं हे जहाज निघायच्या आधी ठरवायला लागतं. नंतर समुद्रात कोणाला चढवता येत नाही.

नवखी
गुरुवार, दुपारी ३:३५

पहिल्यांदाच लिहितेय. भौतिकशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे, समुद्रात काम करायचंय. पण हा धागा वाचून घाबरले, इतकं सगळं यायला हवं? जीवशास्त्र दहावीनंतर सोडलंय. आणि मला बस लागते, बोट लागेल का?

शून्य_एक
गुरुवार, दुपारी ४:१०

काही सगळं यायला नको. एक गोष्ट नीट यायला हवी आणि बाकीच्यांना 'म्हणजे काय?' विचारायची लाज नको. प्रोग्रॅमिंग मात्र शीक, पायथन पुरे. आणि -९९९ लक्षात ठेव.

शंखिनी
गुरुवार, संध्याकाळी ६:२५

भौतिकीत राहा, पण महिनाभर कोणाच्या तरी सूक्ष्मदर्शकापाशी बसून प्लवक मोज. एका थेंबाला अर्धा तास लागतो हे एकदा अंगावर घेतलंस की आमच्या आलेखातला एक ठिपका तुला कधीच 'फक्त एक ठिपका' वाटणार नाही. उलटही खरं आहे. मी लाटांचं गणित एकदा हाताने सोडवून पाहिलं आणि त्या दिवसापासून भौतिकीवाल्यांशी जरा मऊ बोलते.

आणि प्रसिद्धीचं आधीच बोलून ठेव. कोणाचं नाव पहिलं, कोणत्या जर्नलला पाठवायचं. दोन शास्त्रांचा निबंध असला की एक परीक्षक म्हणतो यात नवं जीवशास्त्र नाही, दुसरा म्हणतो यात नवी भौतिकी नाही. दोघंही खरं बोलतात, म्हणून जास्त राग येतो.

दर्यासारंग
गुरुवार, संध्याकाळी ७:००

बोट लागते, बाळा. पहिले तीन दिवस. क्षितिजाकडे बघायचं, पोट रिकामं ठेवायचं नाही. चाळीस वर्षं समुद्रात काढलेले लोकही पहिल्या वादळात आडवे होताना पाहिलेत, लाज वाटून घेऊ नकोस.

पाणबुड्या
गुरुवार, रात्री ८:१५

समुद्रातला माणूस आणि जीवशास्त्रवाला हा जुना संसार आहे, नवखीने घाबरू नये. दुसऱ्या महायुद्धात पाणबुड्या शोधायच्या सोनारला शे-दोनशे वाव (एक वाव म्हणजे सहा फूट) खोलीवर 'तळ' दिसायचा, जिथे तळ असणं शक्य नव्हतं. आणि हा तळ संध्याकाळी वर यायचा! भौतिकीवाले चक्रावले. अमेरिकेतल्या स्क्रिप्स या समुद्रशास्त्र संस्थेचे प्लवकतज्ज्ञ मार्टिन जॉन्सन म्हणाले की तळ वर येत नाही, प्राणी येतात, रोज अंधार पडला की चरायला. १९४५ मध्ये समुद्रात जाऊन दाखवून दिलं. पृथ्वीवरचं सगळ्यात मोठं रोजचं स्थलांतर, आणि कळलं ते चुकीच्या तळामुळे.

खारा_वारा
गुरुवार, रात्री १०:४०

@नवखी, पहिल्या सफरीला जाशील तेव्हा एक थर्माकोलचा कप घेऊन जा. प्रत्येक जहाजावर हा खेळ असतो. कपावर मार्करने काहीतरी लिहायचं, पिशवीत घालून रोझेटच्या सांगाड्याला बांधायचं, आणि खाली पाठवायचं. ४००० मीटरवर ४०० पट दाब. कप वर येतो तो शिवणाच्या अंगुस्तानाएवढा होऊन, अक्षरांसकट.

आडमुठा
गुरुवार, रात्री १०:५२

संवर्धनाच्या धाग्यावर थर्माकोल समुद्रात सोडायला सांगताय? कॅप्टन, यांना लेन बदलायला लावा.

खारा_वारा
गुरुवार, रात्री ११:२०

पिशवीत असतो हो, परत येतो! माझा अजून टेबलावर आहे, त्यात टाचण्या ठेवतो. त्यावर लिहायचं काम मी प्लवकवालीला दिलं होतं. तिने काय लिहिलंय ते वर आल्यावरच दाखवलं. भिंग लावून वाचावं लागतं: 'पाणीचोर'.